तपासणीचे मोल

(एका प्राथमिक शिक्षकाच्या स्मरणार्थ दरवर्षी भरणाऱ्या व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांचे सारे आयुष्य प्राथमिक शाळेत गेले. डोळे तपासणाऱ्या माणसाला एका शिक्षकाच्या स्मृतीसाठी बोलावले, हे मला फार योग्य वाटते. मुलाची नजर अधू आहे हे पुष्कळदा आईवडिलांच्या आधी शिक्षकाच्या ध्यानात येते. फळ्यावरचे उतरवून घेताना शेजारच्याच्या वहीत पाहणारा मुलगा, पुस्तक नाकाशी धरणारी मुलगी, मान एका बाजूला कलती ठेवून वाचणारे पोर शिक्षकाच्याच डोळ्यांसमोर असते. आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्यातही शाळेतली पहिली नजरतपासणी शिक्षकांना शिकवून त्यांच्याकडेच सोपवण्याची पद्धत आहे. म्हणजे आमच्या कामाची पहिली पायरी शिक्षक चढतो आणि दुसरीपासून आम्ही.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. चष्म्याचा नंबर काढणे ही आरोग्याची तपासणी आहे. तिला शिक्षण लागते, वेळ लागतो आणि निर्णय घेण्याची तयारी लागते. म्हणून तिला तिचे स्वतःचे मोल हवे. आपल्या प्रत्येक बाजारपेठेत ‘डोळे तपासणी मोफत’ अशी पाटी दिसते. त्या पाटीमागची तपासणी फ्रेम आणि काचांच्या किमतीत मिसळून गेलेली असते. तपासणी अशी मालाच्या किमतीत विरघळली की तिचा दर्जा कोणी विचारत नाही आणि तोटा शेवटी डोळ्याचा होतो. हे मी कुणा दुकानदाराला दोष देण्यासाठी सांगत नाही. चोख काम करणारे, जुन्या जाणत्यांच्या हाताखाली तयार झालेले अनेक चष्मेवाले मी पाहिले आहेत. माझे म्हणणे व्यवस्थेबद्दल आहे.

आधी कोण काय करतो ते स्पष्ट करू. नेत्रतज्ज्ञ हा एमबीबीएस होऊन पुढे डोळ्यांच्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. रोगाचे निदान, औषधोपचार, मोतीबिंदूपासून पडद्यापर्यंतच्या शस्त्रक्रिया हे त्याचे क्षेत्र. चष्मेविक्रेता किंवा ऑप्टिशियन हा दिलेल्या नंबराच्या काचा योग्य मापाने फ्रेममध्ये बसवून तो चष्मा तुमच्या चेहऱ्यावर नीट बसवतो. या दोघांच्या मध्ये ऑप्टोमेट्रिस्ट उभा असतो. तो नजर मोजतो, नंबर ठरवतो, दोन्ही डोळे एकत्र कसे काम करतात ते पाहतो, कॉन्टॅक्ट लेन्स बसवतो, ज्यांची नजर चष्म्याने पूर्ण सुधारत नाही त्यांना भिंगे आणि दुर्बिणी देऊन उरलेल्या नजरेचा उपयोग शिकवतो. आणि रोगाची खूण दिसली की नेत्रतज्ज्ञाकडे पाठवतो. तो शस्त्रक्रिया करत नाही, करूही नये. आपली हद्द कुठे संपते हे ओळखणे हा त्याच्या विद्येचाच भाग आहे.

आता तपासणीकडे येऊ. समजा, पंचेचाळिशीची एक शिवणकाम करणारी बाई समोर बसली आहे. सुईत दोरा ओवता येत नाही, एवढीच तिची तक्रार. पहिला प्रश्न डोळ्यांबद्दलचा नसतोच. काम किती वेळ करता, कापड डोळ्यांपासून किती अंतरावर असते, उजेड कुठून येतो, मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, घरात कुणाला काचबिंदू आहे का, हे विचारावे लागते. जवळच्या नंबराचा हिशोब अंतरावर असतो. शिवणयंत्रावर वाकणारीचे अंतर वेगळे, त्याहून जवळ धरून काम करणाऱ्या सोनाराचे वेगळे, संगणकापुढे बसणाऱ्याचे आणखी वेगळे. अंतर न विचारता दिलेला चष्मा कागदावर बरोबर आणि कामावर निरुपयोगी ठरतो.

मग अक्षरांचा तक्ता. हा तक्ता हॉलंडमधल्या उट्रेख्ट येथील हर्मन स्नेलेन यांनी १८६२ साली प्रसिद्ध केला. त्यामागे साधे गणित आहे. सहा मीटरच्या ओळीतले अक्षर त्या अंतरावरून डोळ्याशी कोनाची पाच मिनिटे व्यापते आणि अक्षराची प्रत्येक रेघ एक मिनिट. त्यामुळे ते अक्षर सुमारे पावणेनऊ मिलिमीटर उंचीचे भरते. ६/६ म्हणजे सहा मीटरवरचे अक्षर सहा मीटरवरून वाचता आले. ६/६० म्हणजे निरोगी नजर जे साठ मीटरवरून वाचते, ते या माणसाला सहा मीटरवरून वाचावे लागते. तक्ता सहा मीटरवर हवा, आरसा लावला असेल तर प्रकाशाचा एकूण प्रवास तेवढा हवा, आणि तक्त्यावरचा उजेड पुरेसा हवा. जिथे तक्ता जागा मिळेल तिथे टांगलेला असतो, तिथे मापच चुकलेले असते.

नजर कमी निघाली तर पुढचा प्रश्न, ती का कमी आहे? इथे एक अतिशय साधे साधन कामी येते. काळ्या तबकडीला पाडलेले बारीक छिद्र. त्या छिद्रातून पाहिल्यावर अक्षरे स्पष्ट झाली, तर दोष बहुधा नंबराचा असतो. फरक पडला नाही, तर बुबुळ, नेत्रभिंग, पडदा किंवा नेत्रचेता यांत कुठेतरी आजार असण्याची शंका घ्यावी लागते. एका मिनिटाच्या या परीक्षेने ‘चष्मा’ आणि ‘डॉक्टर’ या दोन वाटा फुटतात. ती न करता काचांमागून काचा बदलत राहणारा माणूस रुग्णाचे महिने वाया घालवतो.

त्यानंतर रेटिनोस्कोपी. अंधाऱ्या खोलीत डोळ्यात प्रकाशाची पट्टी फिरवायची आणि बाहुलीतून परत येणारी लालसर झाक कुठल्या दिशेने सरकते ते पाहायचे. पट्टीबरोबर सरकली तर एक अर्थ, उलट सरकली तर दुसरा. समोर भिंगे ठेवत ठेवत ती हालचाल थांबवायची आणि स्वतःच्या बसण्याच्या अंतराची वजावट करायची. दोन तृतीयांश मीटरवर बसला असाल तर दीड नंबर वजा. या परीक्षेत रुग्णाला काही बोलावे लागत नाही. म्हणून तान्ह्या मुलाचा, मूकबधिर माणसाचा, मतिमंद मुलाचा नंबरही तिने काढता येतो. हात बसायला वर्ष-दोन वर्षांचा सराव लागतो.

हल्ली दुकानोदुकानी संगणकीय यंत्र असते. हनुवटी टेकवली की कागदाची पट्टी बाहेर येते. यंत्र उपयोगी आहे, मीही वापरतो. पण ते सुरुवात दाखवते, निर्णय देत नाही. लहान मुलाच्या डोळ्यातले स्नायू यंत्रात पाहताना आकसतात आणि नसलेला मायनस नंबर कागदावर उमटतो. तसा चष्मा चढवला की मूल रोज विनाकारण डोळ्यांवर ताण देत बसते. म्हणूनच मुलांचा नंबर काढताना, विशेषतः पहिल्यांदा किंवा तिरळेपणा असल्यास, नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखाली बाहुली मोठी करणारे आणि हे स्नायू सैल करणारे थेंब घालून मगच तपासावे.

यंत्राच्या आणि रेटिनोस्कोपच्या आकड्यांवरून पुढे रुग्णाशी बोलत बोलत शेवटचा नंबर ठरतो. ‘आधीचे बरे की आताचे?’ हा प्रश्न ऐकून अनेकांना वाटते की आपली परीक्षा चालली आहे. तसे नसते. सिलिंडरचा (एकाच दिशेने लागणाऱ्या नंबराचा) कोन, म्हणजे ॲक्सिस, काही अंशांनी इकडे तिकडे झाला तर डोके दुखते, जमीन तिरकी भासते. तो कोन रुग्णाच्याच उत्तरांतून घट्ट बसवायचा असतो. शेवटी लाल आणि हिरव्या पार्श्वभूमीवरची अक्षरे दाखवतात. हिरव्यातली जास्त काळी दिसत असतील तर मायनस गरजेपेक्षा जास्त दिला गेल्याचा इशारा मिळतो. एवढे सगळे एका डोळ्याचे, मग दुसऱ्याचे, मग दोन्हींचा समतोल. हे नीट करायला वीस-पंचवीस मिनिटे सहज लागतात.

आणि नंबर ही तपासणीची निम्मी बाजू झाली. मधुमेह्याची साखर वर-खाली झाली की चष्म्याचा नंबरही हलतो. महिन्या-दोन महिन्यांत नंबर उड्या मारत असेल तर नवा चष्मा देण्याआधी रक्त तपासायला सांगायचे असते. सत्तरीतले आजोबा आनंदाने सांगतात की आता चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो. घरचेही कौतुक करतात. बहुतेक वेळा ती मोतीबिंदूची सुरुवात असते. नेत्रभिंगाचा गाभा घट्ट होऊन डोळा मायनसकडे झुकतो, म्हणून जवळचे दिसू लागते. लहान मुलाच्या फोटोत एका बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर ती डोळ्यातल्या कर्करोगाची खूण असू शकते आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा लागतो. काचबिंदू तर बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही. कडेची नजर आधी जाते, समोरची शाबूत राहते, त्यामुळे माणसाला कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही. म्हणून चाळिशीनंतर डोळ्याचा दाब मोजणे आणि आतली नेत्रचेता पाहणे आवश्यक ठरते. नुसता दाब पुरत नाही, कारण दाब नेहमीच्या मर्यादेत असूनही काचबिंदू असू शकतो.

याच ठिकाणी मोफत तपासणीचा प्रश्न टोकदार होतो. तपासणीला वेगळे मोल नसले की ती वगळलीही जाते. चाळिशी लागली की माणूस जत्रेतून किंवा फुटपाथवरून तयार चष्मा उचलतो. त्या चष्म्याने अक्षरे दिसतात हे खरे. पण डोळ्यांच्या तपासणीला जाण्याचे जे पहिले स्वाभाविक निमित्त आयुष्यात येते, ते तिथे हातचे जाते. ज्या वयात काचबिंदू शोधायला हवा, नेमक्या त्या वयात कुणी शोधतच नाही.

मुलांबद्दल थोडे अधिक बोलतो, कारण गुरुजींचे ते क्षेत्र होते. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारे धूसर चित्र बाजूला सारतो. डोळा निरोगी राहतो, पण पाहायला शिकत नाही. याला आपण आळशी डोळा म्हणतो. मूल तक्रार करत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचे सगळे चालते. उपाय साधे आहेत. योग्य चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. मध्यम प्रतीच्या दोषात रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच उपयोगी ठरते, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने २००३ साली दाखवले. मात्र हे सहा-सात वर्षांच्या आत सुरू झाले तर फळ चांगले मिळते. पुढे प्रत्येक वर्षागणिक ते अवघड होत जाते. पोलीस किंवा सैन्याच्या भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत एक डोळा अधू निघालेले तरुण आमच्याकडे येतात. त्यांना देण्यासारखे तेव्हा फारसे काही हाती नसते. पहिलीत असताना दोन्ही डोळे आळीपाळीने झाकून कुणी पाहिले असते, तर त्या घराचे भवितव्य बदलले असते.

मायनस नंबराची लाटही मुलांवर येत आहे. ऑस्ट्रेलियाचे ऑप्टोमेट्रिस्ट ब्रायन होल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०५० पर्यंत जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना लांबचे धूसर दिसेल. मुलांनी रोज उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळणे हा त्यावरचा एक सिद्ध झालेला उपाय आहे. शाळेतला खेळाचा तास रद्द करून अभ्यास घेणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

आता थोडा इतिहास. तपासणीचे मोल वेगळे असावे ही मागणी माझी नाही, तिच्यातूनच हा व्यवसाय जन्माला आला. १८९० च्या दशकात न्यू यॉर्कमध्ये चार्ल्स प्रेंटिस नावाचे चष्मेवाले होते. जर्मनीत यंत्रशास्त्र शिकून आलेले, गणितात मुरलेले. ते डोळे तपासण्याचे तीन डॉलर चष्म्याच्या किमतीपासून वेगळे घेत. एका नामांकित नेत्रवैद्याने त्यांना पत्राने बजावले की तपासणीचे शुल्क घेण्याचा अधिकार फक्त डॉक्टरचा. प्रेंटिस मागे हटले नाहीत. त्यांनी सहव्यावसायिकांना एकत्र केले आणि कायद्याची मागणी लावून धरली. अमेरिकेत या व्यवसायाचा पहिला कायदा १९०१ साली मिनेसोटा राज्याने केला, न्यू यॉर्कने १९०८ साली. शुल्क घ्यायचे तर शिक्षण हवे, परीक्षा हवी, नोंदणी हवी आणि चुकलो तर जबाबदारीही हवी, हे त्या कायद्यांमुळे ठरले.

याच प्रेंटिस यांचा एक नियम आम्ही रोज वापरतो. भिंगाचा मध्य बाहुलीसमोर नसला की भिंग प्रिझमसारखे वागू लागते. किती, ते काढायचे तर नंबराला सरकलेल्या सेंटीमीटरने गुणायचे. चार नंबरचे भिंग अर्धा सेंटीमीटर सरकले तर दोन प्रिझम. डोळ्यांना तेवढे सतत ओढून धरावे लागते आणि संध्याकाळी कपाळ ठणकते. दोन बाहुल्यांमधले अंतर न मोजता काचा बसवल्या तर अगदी बरोबर नंबराचा चष्माही त्रास देतो. ज्या माणसाने तपासणीची किंमत मागितली, त्यानेच तपासणीला असे अचूक गणितही दिले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे १९५८ साली अलीगढच्या गांधी नेत्र रुग्णालयात आणि हैदराबादच्या सरोजिनी देवी नेत्र रुग्णालयात ऑप्टोमेट्रीच्या पदविकेचे वर्ग सुरू झाले. १९८५ साली चेन्नईत शंकर नेत्रालयाच्या आश्रयाने एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री निघाले आणि चार वर्षांच्या पदवीची वाट रुळली. महाराष्ट्रात पुण्याचे भारती विद्यापीठ, मुंबईचे लोटस महाविद्यालय अशा संस्थांतून हे शिक्षण मिळते. बारावी विज्ञानानंतर प्रवेश, प्रकाशशास्त्र, शरीररचना, डोळ्यांचे रोग, कॉन्टॅक्ट लेन्स, मुलांची दृष्टी असे विषय, आणि शेवटी वर्षभर रुग्णालयात प्रत्यक्ष काम, अशी पदवीची रूढ रचना आहे. पुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. आपल्या ग्रामीण रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून जे काम करतात, त्यांचे शिक्षण वेगळ्या वाटेने झालेले असते, पण शाळातपासणीचा आणि मोतीबिंदू शिबिरांचा मोठा भार त्यांच्याच खांद्यावर आहे. त्यांचा उल्लेख आदराने करायला हवा.

इतके असूनही चार वर्षे शिकलेला आणि चार आठवडे दुकानात उभा राहिलेला, दोघेही ‘नंबर काढणारे’ म्हणूनच ओळखले जात. मार्च २०२१ मध्ये संसदेने सहायक आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्याच्या अनुसूचीत ऑप्टोमेट्रिस्टला स्थान मिळाले. आरोग्यसेवा व्यावसायिकाची पदवी किमान ३,६०० तासांची असावी, राज्यांनी परिषदा स्थापाव्यात आणि नोंदवही ठेवावी, असे हा कायदा सांगतो. कायद्याने चौकट दिली. तिच्यात जीव ओतायचे काम आपले, तपासणाऱ्याचे आणि तपासून घेणाऱ्याचेही.

कुणी विचारेल, गरिबाने शुल्क कुठून द्यावे? प्रश्न रास्त आहे. गरिबाची तपासणी सरकारने आणि धर्मादाय संस्थांनी आपल्या खर्चाने करावी, पण तिथेही तपासणाऱ्याला त्या कामाचा पगार मिळावा, काचा खपवण्याचा मोबदला नव्हे. हा खर्च वाया जात नाही याचा पुरावा आपल्या देशातच आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना, ज्यांत बहुसंख्य बायका होत्या, जवळचे चष्मे देऊन अभ्यास केला गेला. २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. चष्मा मिळालेल्यांची रोजची पानतोडणी न मिळालेल्यांच्या तुलनेत २१.७ टक्क्यांनी अधिक वाढली. एका साध्या चष्म्याने कामात एवढा फरक पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टिदोष आहे आणि त्यांतल्या किमान १०० कोटींचा दोष टाळता आला असता किंवा अजूनही दूर करता येईल. आपल्याकडच्या २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांत अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के आढळले, आणि त्यातले ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे होते. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने बरा होतो. पण शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचण्याआधी कुणीतरी त्या माणसाला खुर्चीवर बसवून, छिद्राच्या तबकडीतून पाहायला लावून, ‘आजी, हे चष्म्याचे काम नाही’ असे सांगावे लागते. असे सांगणाऱ्याची त्या दिवशी एका चष्म्याची विक्री बुडते. तरीही त्याने तेच सांगावे असे आपल्याला वाटत असेल, तर त्याचे पोट विक्रीवर अवलंबून ठेवू नये. माझ्या साऱ्या व्याख्यानाचा गाभा एवढाच आहे.

म्हणून जाता जाता काही मागण्या करतो. डोळे तपासायला गेलात की तपासणाऱ्याचे शिक्षण विचारा. त्यात अपमान नाही, खरे शिकलेल्याला तो प्रश्न आवडतो. तपासणीनंतर नंबराची लेखी चिठ्ठी मागा, त्यावर नजर, बाहुल्यांतले अंतर आणि तपासणाऱ्याचे नाव असू द्या, आणि चष्मा कुठून घ्यायचा ते तुम्ही ठरवा. तपासणीचे पैसे वेगळे मागितले तर ते आनंदाने द्या आणि त्या बदल्यात पुरा वेळ मागा. मुलाला पहिलीत घालण्याआधी दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्या. चाळिशी लागली की तयार चष्म्यावर भागवू नका, दाब आणि नेत्रचेता पाहून घ्या. मधुमेह असेल तर दरवर्षी पडद्याची तपासणी करा. आणि इथे बसलेल्या लोकप्रतिनिधींना माझी विनंती आहे की प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासणारे पद भरलेले राहील, त्याच्याकडे रेटिनोस्कोप आणि दाब मोजण्याचे साधन असेल, आणि राज्याच्या परिषदेची नोंदवही कुणालाही पाहता येईल, एवढे तुम्ही पाहावे.

गुरुजींच्या नावाने चालणाऱ्या या व्याख्यानमालेने यंदापासून तालुक्यातल्या एका शाळेतल्या पहिलीच्या सगळ्या मुलांची पूर्ण डोळेतपासणी करवून घ्यावी, तिचे रीतसर शुल्क ठरवावे आणि ते व्याख्यानमालेच्या निधीतून द्यावे, असे मी सुचवतो. पहिल्या वर्षीच्या तपासणीची जबाबदारी मी घेतो.